वृद्धाश्रमाचे फाटक बंद होते, तरी साथ आत आली कशी?

उंबरठा (प्रश्नकर्ता):

सर्वांना नमस्कार.

काही आठवड्यांपूर्वी मी एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापन समितीत दाखल झालो. निवासी ६०. त्यांतले वीसेक जण पूर्णपणे अंथरुणावर आहेत, बारा जणांना स्मृतिभ्रंश आहे आणि उरलेले आपापले उठून-बसून वावरणारे आहेत. सेवकवर्ग ३४ जणांचा. समितीने माझ्यावर सोपवलेले पहिले काम म्हणजे साथीच्या काळासाठी असलेला संस्थेचा आराखडा नव्याने लिहून काढणे. जुना आराखडा चार पानांचा आहे आणि त्यातली जवळजवळ तीन पाने फाटकाला वाहिलेली आहेत. फाटकावर ताप मोजावा, नोंदवही ठेवावी, हात निर्जंतुक करून घ्यावेत, नातेवाइकांना आत सोडू नये, बाहेरून आलेली वस्तू एक दिवस वेगळी ठेवावी, अशा स्वरूपाचा तो मजकूर आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी हे सगळे अक्षरशः पाळले गेले, असे जुन्या नोंदी सांगतात. तरीही आजार आत आला आणि दोन आठवड्यांत दोन मजल्यांवर पसरला. त्या काळातील बैठकांची टिपणे मी वाचली. ‘फाटकावर हलगर्जी कोणी केली’ यापलीकडे चर्चा गेलेली दिसत नाही.

आपण चुकीच्या दाराकडे पाहत होतो, अशी माझी शंका आहे. इतर देशांत काय घडले ते वाचताना ती अधिकच बळावते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील किर्कलंड येथे फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस एका शुश्रूषागृहात साथ उघडकीस आली. मार्चमध्ये स्पेनच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले, की निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही वृद्धनिवासांत म्हातारी माणसे बेवारस अवस्थेत, आणि काही तर अंथरुणातच मृत झालेली आढळली. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनडातील माँट्रियलजवळच्या एका खासगी संस्थेत बहुतेक कर्मचारी यायचेच थांबले आणि निवासी अन्नपाण्यावाचून, स्वच्छतेवाचून पडून राहिले. ही सगळी सधन राष्ट्रे. तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा नसावा आणि केवळ फाटकाचाही नसावा.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांचे आईवडील अशा संस्थेत होते, त्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती. आजार नेमका कोणत्या वाटेने आत येतो? नातेवाइकांना बंदी घालणे योग्य होते का? आणि निम्मे सेवक आजारी पडले, तर उरलेल्यांनी साठ माणसांची काळजी कशी घ्यायची? या तिसऱ्या प्रश्नाबद्दल जुन्या आराखड्यात एक ओळसुद्धा नाही.

रात्रपाळी:

मी बावीस वर्षे वृद्धांच्या शुश्रूषेत आहे, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. तुमची शंका रास्त आहे. आम्हाला कितीही बोचले तरी हे मान्य करायला हवे, की फाटक बंद झाल्यावर आजार आत आला तो आमच्याबरोबरच. भेटीला आलेला नातेवाईक खुर्चीवर तासभर बसतो आणि जातो. मी एका पाळीत पंधरा जणांना उचलते, त्यांची कूस बदलते, तोंड धुते, भरवते, कपडे बदलते. त्यांचा श्वास आणि माझा श्वास यांत वीतभरही अंतर नसते. दोन हातांचे अंतर राखण्याचा नियम ज्याने लिहिला, त्याने कधी कोणाला अंथरुणावरून खुर्चीत बसवलेले नसावे.

तुम्ही किर्कलंडचा उल्लेख केला आहे. तिथल्या तपासात दोन गोष्टी नोंदल्या गेल्या होत्या. काही कर्मचारी लक्षणे असतानाही कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक संस्थांत काम करत होते. हे वाचून ‘किती बेजबाबदार माणसे’ असे म्हणणे सोपे आहे. मात्र त्यामागचा हिशेब असा, की वृद्धांच्या शुश्रूषेत पगार इतका तुटपुंजा असतो की सकाळी एका ठिकाणी आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी काम केल्याशिवाय घर चालत नाही. शिवाय रोजंदारीवरच्या बाईला आजारपणाची पगारी रजा नसते. घसा दुखतो आहे असे तिने फाटकावर सांगितले, तर त्या दिवसाची कमाई गेली आणि तिच्या जागी बदलीची बाई आली तर कदाचित कामही गेले. मग ती तापाची गोळी घेऊन येते आणि आजार अंगावर काढते. फाटकावरच्या तापमापकाला ती गोळी दिसत नाही.

माझ्या एका जुन्या संस्थेत (नाव सांगत नाही) साथीच्या दुसऱ्या महिन्यात आमच्या एका सहकारिणीने खोकला लपवला. नंतर सगळ्यांनी तिलाच दोष दिला. त्याच आठवड्यात ‘विनासूचना गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाईल’ अशी सूचना फलकावर लागली होती, ही गोष्ट मात्र कोणाच्याही चौकशीत आली नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हा धागा लवकर पकडला. त्या देशातला कोविडचा पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये तिथल्याच एका वृद्धनिवासातला होता. त्यानंतर त्याच महिन्यात प्रांताने आदेश काढला, की एका कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करावे. आणि त्यासोबत वेतनाची पातळी सारखी करण्यासाठी सरकारी पैसाही दिला. दुसरा भाग नसता, तर पहिला कागदावरच राहिला असता. तुमच्या नव्या आराखड्याचे पहिले पान सेवकांच्या रजेबद्दल आणि वेतनाबद्दल असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समितीतल्या काही जणांना ते आराखड्याबाहेरचे वाटेल. तरी आग्रह सोडू नका.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. निम्मे सेवक गेले की सर्वांत आधी संपते ती माहिती. कोणत्या आजींना पाणी घट्ट करून दिले नाही तर ठसका लागतो, कोणत्या आजोबांना डाव्या कुशीवर ठेवले की पाठीची जखम वाढते, कोण ‘नको’ म्हणते तेव्हा खरोखर नको असते आणि कोण दोनदा विचारल्यावर हो म्हणते, हे सगळे आमच्या डोक्यात असते. बदलीवर आलेली व्यक्ती कितीही कुशल असली, तरी तिला हे ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक निवाशाचे एक पान, एकच पान, मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी ठेवा. ते साथ नसतानाच लिहा. साथ आल्यावर लिहायला कोणी शिल्लक राहत नाही.

नाडी:

मी वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर आहे आणि साथीच्या काळात तीन वृद्धनिवासांकडे पाहत होतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात वैद्यकीय बाजूची थोडी भर घालतो.

फाटकावरचा तापमापक निकामी ठरण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते निवाशांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचे आहे. वाढत्या वयात शरीराचे नेहमीचे तापमानच कमी असते आणि संसर्ग झाल्यावर ते फारसे चढतही नाही. त्यामुळे दीर्घकालीन शुश्रूषेतील वृद्धांसाठी तापाची व्याख्या निराळी केली जाते: तोंडात मोजलेले तापमान एकदा जरी ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर गेले, किंवा वारंवार ३७.२ च्या वर राहिले, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशाहून अधिक वाढले, तर तो ताप समजावा. यातला तिसरा निकष वापरायचा, तर त्या व्यक्तीचे नेहमीचे तापमान आधी ठाऊक हवे. बहुतेक संस्थांत त्याची नोंदच नसते. कोविडमध्ये तर कित्येक वृद्धांना आरंभी ना ताप होता ना खोकला. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज गोंधळल्यासारखे बोलू लागले, जेवण टाकले, चालताना पडले, दिवसभर झोपून राहिले, एवढेच लक्षण. ‘आज त्या नेहमीसारख्या नाहीत’ हे मावशींचे वाक्य मला कोणत्याही उपकरणापेक्षा लवकर सावध करत असे. अशा वाक्यासाठी तुमच्या नोंदवहीत रकाना ठेवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही प्रत्येक मजल्यावर असावा, कारण प्राणवायू उतरला तरी धाप लागल्याची तक्रार न करणारे रुग्ण या आजारात पुष्कळ दिसले.

लक्षणांवर विसंबण्याची मर्यादा दाखवणारी एक पाहणी किर्कलंडच्याच परगण्यात, किंग काउंटीत, मार्च २०२० मध्ये झाली. एका शुश्रूषागृहातील ७६ निवाशांच्या, लक्षणे असोत वा नसोत, दोन फेऱ्यांत चाचण्या केल्या. ४८ जण बाधित निघाले आणि त्या ४८ पैकी २७ जणांना चाचणीच्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते. त्यातल्या २४ जणांना ती पुढील काही दिवसांत दिसू लागली. म्हणजे ‘लक्षणे दिसली की वेगळे ठेवू’ हे धोरण आरंभापासूनच उशिराचे होते. एक रुग्ण सापडला की सर्व निवासी आणि सर्व सेवक यांची चाचणी त्याच दिवशी करायची आणि ती काही दिवसांनी पुन्हा करायची, हे आराखड्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहा. चाचण्या कोठून मिळतील, अहवाल किती तासांत येईल, आणि अहवाल येईपर्यंत कोण कोठे राहील, तेही लिहा.

आता एक दार राहिले, ज्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. ते म्हणजे रुग्णालयातून परत येणाऱ्या निवाशाचे. इंग्लंडमध्ये मार्च २०२० च्या मध्यास रुग्णालयांतील खाटा तातडीने रिकाम्या करण्याचे आदेश निघाले आणि पुढच्या महिनाभरात सुमारे २५,००० जणांना वृद्धनिवासांत पाठवण्यात आले. वृद्धनिवासांत पाठवण्यापूर्वी प्रत्येकाची चाचणी करण्याचे धोरण १५ एप्रिलला आले. लक्षणविरहित व्यक्तींपासून असलेला धोका चाचणीविना पाठवण्याच्या आधीच्या धोरणात विचारात घेतला गेला नाही, या कारणास्तव तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ते बेकायदेशीर ठरवले. न्यूयॉर्क राज्यानेही २५ मार्च २०२० रोजी, केवळ कोविड आहे म्हणून कोणाला प्रवेश नाकारू नये, असे शुश्रूषागृहांना बजावले होते. मे महिन्यात ती भूमिका बदलावी लागली. रुग्णालयांवरचा ताण खरा होता, हे मी नाकारत नाही. मीही त्याच ताणात होतो. पण एका ठिकाणचा भार हलका करताना तो कोणाच्या माथी जातो, याचा विचार तेव्हा झाला नाही. तुमच्याकडे परतणाऱ्या व्यक्तीसाठी एखादी खोली कायम राखून ठेवता येईल का, हे समितीला विचारा.

हाँगकाँगचे उदाहरण मला दोन्ही अंगांनी शिकवणारे वाटते. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर तिथल्या प्रत्येक वृद्धनिवासात संसर्ग-नियंत्रणाची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे दिली गेली, तालमी होऊ लागल्या, आणि २०२० मध्ये बाधितांना व त्यांच्या संपर्कातील व्यक्तींना संस्थेबाहेर हलवण्याची पद्धत होती. पहिल्या लाटांत त्याचा उपयोग झाला. पण २०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन आला तेव्हा तिथल्या वृद्धनिवासांतील लसीकरण फार कमी होते, कारण ‘इतक्या थकलेल्या जिवाला लस सोसेल का’ ही भीती कुटुंबांना वाटत होती, आणि डॉक्टरांनाही. त्या लाटेतील मृत्यूंत वृद्धनिवासांतील लोकांचा वाटा फार मोठा होता. याउलट जर्मनी आणि स्पेन येथे डिसेंबर २०२० मध्ये लसीकरणाचा आरंभच वृद्धनिवासांतून झाला. लसीची संमती कोण देणार, विशेषतः स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या वतीने, याचे कागद आजच तयार ठेवा.

भेटींवरील बंदीबद्दल माझे मत असे, की पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा चाचण्या नव्हत्या, मुखपट्ट्या नव्हत्या आणि रोगाविषयी काहीच ठाऊक नव्हते, तेव्हा ती अपरिहार्य होती.

धाकटी लेक:

‘नाडी’ यांचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगते, की बंदी काही आठवड्यांची होती असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. आमच्या बाबतीत ती सात महिने चालली. आरंभीचे कारण केव्हाच संपले होते. बंदी उठवण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर लिहिलेली नव्हती, म्हणून ती चालूच राहिली.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. साथीपूर्वी मी रोज संध्याकाळी जाऊन तिला भरवत असे. घासामागून घास, मध्ये गप्पा, मध्ये एखादे गाणे, असा पाऊण तास लागे. संस्थेच्या दृष्टीने मी ‘भेटीला येणारी नातेवाईक’ होते. वस्तुतः मी विनावेतन सेवक होते आणि माझ्यासारख्या तिथे किमान दहा जणी होत्या. दार बंद झाले त्या दिवशी संस्थेने दहा माणसांचे काम गमावले आणि ते कोणत्याही हजेरीपटावर नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. त्याच वेळी सेवकही आजारी पडू लागले. तीन महिन्यांत आईचे वजन नऊ किलोंनी उतरले. तिला कोविड कधीच झाला नाही.

व्हिडिओ कॉलची सोय होती, हे मान्य. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला पडद्यावरचा चेहरा म्हणजे कोणीतरी दूरदर्शनवर बोलणारे माणूस. ती फोनच्या मागे हात घालून मला शोधायची. मुखपट्टी घातलेल्या सेविकांना ती ओळखत नसे, ओठांची हालचाल दिसत नसल्यामुळे तिला त्यांचे बोलणे नीट ऐकूही येत नसे, आणि मग ती घाबरून हात झटकत असे. त्या झटकण्याची नोंद ‘आक्रमक वर्तन’ अशी झाली आणि तिला झोपेची औषधे सुरू झाली. औषधांमुळे ती चालेनाशी झाली. दोषाचे खापर मी कोणा एकावर फोडत नाही. प्रत्येक पायरीवरच्या माणसाने त्याच्या समोरचा प्रश्न सोडवला होता.

बंदीला पर्याय नव्हता, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते. नेदरलँड्समध्ये २० मार्च २०२० पासून देशभर भेटी बंद होत्या. ११ मे रोजी २६ शुश्रूषागृहांत प्रयोग म्हणून प्रत्येक निवाशाला एका ठरावीक व्यक्तीची भेट घेऊ देण्यास आरंभ झाला, अटी आणि नियम पाळून. त्या भेटींमुळे संसर्ग झाल्याचे त्या पाहणीत आढळले नाही आणि लवकरच ही मुभा इतरत्र वाढवण्यात आली. म्हणजे देश बंद असतानाच, लस येण्याच्या सात महिने आधी, हे करता आले. माझे एवढेच मागणे आहे, की तुमच्या आराखड्यात प्रत्येक निवाशासाठी एक नाव आधीच नोंदवून ठेवा. त्या व्यक्तीला पाहुणे समजू नका. तिला सेवकांबरोबरच मुखपट्टी कशी घालायची, हात केव्हा धुवायचे, हातमोजे कसे काढायचे हे शिकवा, तिची चाचणी सेवकांच्या चाचणीबरोबर करा, आणि फाटक बंद झाले तरी तिला आत येऊ द्या. अखेरच्या क्षणांसाठी तर कोणतीही अट असू नये. आईच्या शेवटच्या रात्री मला खिडकीबाहेर उभे राहू दिले होते. काच उघडण्याची परवानगी नव्हती.

नाडी:

‘धाकटी लेक’ यांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. बंदी घालण्याच्या आदेशावर आम्ही सह्या केल्या, पण ती कोणत्या तारखेला पुन्हा तपासायची हे त्या कागदावर लिहिले नाही. खोलीत कोंडून राहण्याची शारीरिक किंमतही आम्हाला ठाऊक असायला हवी होती. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटल्याचे कोविडच्या कितीतरी आधी झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. आम्ही लोकांना १४-१४ दिवस, आणि पुन्हा नवा रुग्ण सापडला की आणखी १४ दिवस, खोल्यांत ठेवले. त्यानंतर अनेक जण स्वतःच्या पायांवर पुन्हा उभे राहिले नाहीत.

जुना व्यवस्थापक:

मी निवृत्त आहे. साथीच्या काळात एका मोठ्या वृद्धनिवासाचा कारभार माझ्याकडे होता. इमारतीबद्दल अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो.

चार पलंगांची खोली असेल, तर विलगीकरण हा शब्द निरर्थक आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील सहाशेहून अधिक संस्थांचा अभ्यास झाला होता. ज्या संस्थांत एका खोलीत आणि एका स्नानगृहामागे अधिक माणसे होती, तेथे संसर्ग आणि मृत्यू या दोहोंचे प्रमाण कमी दाटीच्या संस्थांच्या सुमारे दुप्पट आढळले. आमच्याकडेही तोच अनुभव आला. पण व्यवस्थापकाच्या जागेवरून पाहा: पलंग कमी केले की उत्पन्न घटते आणि उत्पन्न घटले की वर ‘रात्रपाळी’ यांनी सांगितलेल्या पगारी रजेचा पैसा उरत नाही. साथीत तर नवे प्रवेश थांबतात, मृत्यूंमुळे पलंग रिकामे होतात आणि मुखपट्ट्या-हातमोज्यांचा खर्च मात्र कित्येक पटींनी वाढतो. राखीव निधीचा प्रश्न समितीने साथ नसतानाच सोडवायला हवा. मी तो सोडवला नव्हता आणि त्याची किंमत मोजली.

जे स्वस्तात करता येते ते आधी करा. खिडक्या खरोखर उघडतात का, ते एकेक करून पाहा. आमच्याकडच्या एक तृतीयांश खिडक्या रंगामुळे चिकटून बसल्या होत्या. हा विषाणू हवेतून पसरतो हे उशिरा मान्य झाले, तोवर आम्ही दाराच्या कड्या आणि फरश्या पुसण्यात माणसांचे तासन् तास घालवले. हवेतील कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) मोजणारे छोटे यंत्र घेऊन सामायिक दालनात दिवसभर ठेवा. आकडा चढत राहिला, तर तिथे एकमेकांची उच्छ्वसित हवा फिरते आहे असे समजा.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला खोलीत थांबायला सांगून उपयोग नसतो, कारण पाच मिनिटांनी ती सूचना तिच्या स्मरणात नसते. बाहेरून कडी घालणे अमानुष आहे, आणि आग लागली तर जीवघेणेही. आम्ही एक संपूर्ण विभागच त्यांना मोकळा करून दिला आणि त्यात काम करणारे सेवक ठरावीक ठेवले. ते दुसऱ्या मजल्यावर जात नसत. व्यक्तीला डांबण्याऐवजी गटाला सीमा घालावी. साठ निवाशांचे चार गट करा, प्रत्येक गटाचे सेवक वेगळे, त्यांची विश्रांतीची जागाही वेगळी. ही शेवटची गोष्ट विसरू नका. दिवसभर काटेकोर वागणारे लोक विश्रांतीच्या छोट्या खोलीत मुखपट्टी उतरवून एकत्र बसत. आमच्याकडची एक साखळी तिथेच जोडली गेली होती.

फ्रान्समध्ये ल्योंजवळच्या एका संस्थेतील सेवक स्वेच्छेने निवाशांबरोबर आतच राहिले, जमिनीवर गाद्या टाकून, तब्बल ४७ दिवस. आणि आत आजार आला नाही. सेवक असे आतच राहिलेल्या तिथल्या इतर संस्थांतही मृत्यू तुलनेने कमी आढळले. तुमच्याकडे काही सेवक तयार असतील, तर हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

रात्रपाळी:

व्यवस्थापक साहेब, त्या संस्थेतल्या लोकांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते स्वेच्छेने राहिले आणि सगळे राहिले नव्हते, हे कृपया समितीला सांगताना वगळू नका. ज्या बाईच्या घरी तान्हे मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेली सासू आहे, तिला ‘तयार आहात का’ असे वरिष्ठाने विचारणे म्हणजे अर्धी सक्तीच असते. आणि आत राहिलेल्यांच्या रात्रीच्या तासांचे वेतन कोण देणार, हेही आधी ठरवा.

आणखी एक बाब, जिच्यावर कोणत्याही आराखड्यात परिच्छेद नसतो. ज्यांना वर्षानुवर्षे सांभाळले, अशी सात माणसे माझ्या पाळीत एका महिन्यात गेली. प्रत्येक वेळी चादर बदलून पुढच्या खोलीत जावे लागले. इतर निवासी विचारायचे, ‘त्या दिसत नाहीत हल्ली’, आणि आम्हाला सांगण्याची मनाई होती, कारण ‘घबराट पसरेल’. त्यांना कळत होतेच. शेजारचा पलंग रिकामा झाला की माणसाला कळते. त्यानंतरच्या वर्षात आमच्यातल्या चार जणींनी हे काम कायमचे सोडले, त्या आजारामुळे नव्हे.

उंबरठा:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मला अपेक्षित होती त्याहून कठीण उत्तरे मिळाली.

काल मी तीन गोष्टी केल्या. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या तपासल्या. १८ पैकी सात उघडत नाहीत. रुग्णालयातून परतणाऱ्यांसाठी एक खोली राखण्याचा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घातला. आणि सेवकांपैकी किती जण दुसरीकडेही काम करतात, हे कार्यालयात विचारले. नोंदवहीप्रमाणे अशी व्यक्ती एकच आहे. पण संध्याकाळी पाळी बदलताना फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा किमान पाच जणी घाईघाईने एकाच दिशेने जाताना दिसल्या आणि पहारेकऱ्याने सांगितले, की त्या इथून थेट दुसऱ्या कामावर जातात. या माहितीशिवाय गट पाडणे व्यर्थ आहे. तिची नोंद कशी करावी, की कोणालाही आपली नोकरी धोक्यात आहे असे वाटू नये?

रात्रपाळी:

आत्ता विचारू नका. आधी आजारपणाच्या पगारी रजेचा ठराव मंजूर करून घ्या, त्याची प्रत पाळी बदलण्याच्या जागी, सही-शिक्क्यानिशी, सर्वांना वाचता येईल अशी लावा, आणि पहिली रजा घेणाऱ्या बाईला महिनाअखेर पूर्ण पगार मिळू द्या. ते इतर जणींनी आपल्या डोळ्यांनी पाहिले की मग विचारा. बहुधा तुम्हाला विचारावेही लागणार नाही. त्याच येऊन सांगतील. आणि विचारायची वेळ आलीच, तर कार्यालयात बोलावून विचारू नका. पाळी संपायच्या दहा मिनिटे आधी वर या आणि कोणाची तरी चादर बदलायला हात लावता लावता विचारा.